उष्णता-शोधक : निवड, मांडणी आणि देखभाल



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू जळताना साऱ्या जिल्ह्याने पाहिली. आग विझविण्याइतकेच महत्त्व ती वेळेवर कळण्याला आहे, याचा विचार अशा प्रसंगी होणे स्वाभाविक आहे. आजऱ्यासारख्या डोंगराळ तालुक्यात, जेथे वाडीवस्तीवर अग्निशामक बंब पोहोचण्यास वेळ लागतो, तेथे तर पहिली काही मिनिटेच निर्णायक ठरतात.

आजरा तालुक्यात काजूप्रक्रियेचा व्यवसाय चालतो. काजू बी वाफवणे, फोडणे, ड्रायरमध्ये गर वाळवणे ही कामे उष्णतेची आहेत. टरफलातील तेल ज्वालाग्राही आहे. वाफ आणि धूळ असलेल्या अशा जागी धूर-शोधक बसविल्यास तो विनाकारण घंटा वाजवितो. म्हणून तेथे उष्णता-शोधक, म्हणजेच हीट डिटेक्टर, योग्य ठरतो. शाळेचे स्वयंपाकघर व जनित्राची खोली यांनाही हेच लागू आहे.

या शोधकाचे मुख्य प्रकार दोन. पहिला ठराविक तापमानास, सामान्यतः ५७-५८ अंश सेल्सिअसला, इशारा देतो. दुसरा तापमान किती वेगाने वाढते हे पाहतो. मिनिटाला सुमारे ८ अंशांची वाढ झाली की तो जागा होतो. मंद गतीने वाढणारी आग त्याच्या नजरेतून सुटू नये, म्हणून त्यात ठराविक तापमानाची मर्यादाही असावी.

निवड करताना छताजवळचे कमाल तापमान प्रथम मोजावे. शोधकाचे तापमान त्याहून किमान ११ अंशांनी अधिक असावे, असा प्रचलित संकेत आहे. पत्र्याखाली उन्हाळ्यात ४५ अंश होत असतील तर ५७ अंशांचा शोधक चालेल. परंतु ड्रायरच्या खोलीत छताशी ६० अंश होत असतील तर ७८ अंशांच्या आसपासचाच हवा. ड्रायरचे दार उघडताच गरम झोत येतो. तेथे वेगमापक प्रकार खोटा इशारा देईल. त्या जागी ठराविक तापमानाचा शोधकच निवडावा.

शोधक छताला बसवावा, कारण उष्ण हवा वर जाते. पंख्याच्या वा झरोक्याच्या झोतात तो नसावा. दोन शोधकांतील अंतर भारतीय मानक २१८९ प्रमाणे ठरवावे. पॅनेलवर प्रत्येक शोधकाची नोंद जागेच्या नावाने करावी. ‘विभाग ३’ या शब्दांनी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास काहीच बोध होत नाही. ‘ड्रायर खोली, मागील दार’ म्हटले की तो थेट तेथे धावतो.

या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. उष्णता-शोधक धूर-शोधकापेक्षा उशिरा जागा होतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. जेथे माणसे झोपतात किंवा स्वतः हलू शकत नाहीत, त्या वसतिगृहात वा रुग्णकक्षात धूर-शोधकच हवा.

घंटा वारंवार खोटी वाजू लागली की कोणीतरी ती बंद करून टाकतो, आणि खऱ्या आगीच्या वेळी ती मुकी राहते. घंटा बंद करणे हा उपाय नव्हे. शोधकाचा प्रकार, तापमान किंवा जागा बदलणे हा उपाय होय.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अशा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. ते केवळ कागद ठरू नये. त्या वेळी मुख्याध्यापकांनी, कारखानदारांनी आणि पंचायत सदस्यांनी समक्ष उभे राहून, गरम हवेच्या साधनाने शोधक तपासून घ्यावेत, बॅटरी पाहावी आणि नोंदवहीत निष्कर्ष लिहावा. एका तासाच्या या कामावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.