एका अमेरिकन मोटारीचा जीर्णोद्धार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून एरवी शिक्षण, विवाह आणि विद्यार्थिनिधी यांविषयी विचार मांडले जातात. तेथे एक निवृत्त शिक्षक मोटारीविषयी बोलावयास उभा राहिलेला पाहून आपणांस नवल वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. यंत्रशास्त्राचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु माझे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरी राहतात. तेथे त्यांनी १९६५ सालची एक अमेरिकन फोर्ड मस्टँग मोटार चार वर्षे खपून पुन्हा रस्त्यावर आणली. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांच्या उन्हाळ्यांत मी त्यांच्याकडे होतो व हे काम जवळून पाहत होतो. आज आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुले परदेशी आहेत, म्हणून त्या कामाची हकीकत आणि त्यातून उपस्थित झालेला एक प्रश्न आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम त्या मोटारीचा परिचय करून देतो. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने मस्टँग लोकांपुढे आणली. किंमत २३६८ डॉलरपासून पुढे, म्हणजे सामान्य पगारदारास झेपेल अशी. कंपनीच्याच फाल्कन या साध्या मोटारीची बरीचशी यंत्रसामग्री हिच्यात वापरली होती, आणि स्वस्ताईचे मर्म त्यात होते. लांब नाक, आखूड शेपटी आणि समोरच्या जाळीवर दौडता घोडा, असे तिचे रूप. पहिल्या दोन वर्षांच्या आत दहा लाख मोटारी तयार झाल्या. जर्मनीत मात्र हे नाव दुसऱ्यांच्या मालकीचे असल्यामुळे तेथे ती कित्येक वर्षे ‘टी-५’ या नावाने विकली गेली.

चिरंजीवांनी २०१९ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अशी एक मोटार विकत घेतली आणि ती पेटाऱ्यात घालून जहाजाने इंग्लंडला आणविली. तेथील कायदा अशा वस्तूंकडे आदराने पाहतो. मोटार तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली आणि आता न बनणाऱ्या नमुन्याची असेल, तर ती संग्राह्य वस्तू समजली जाते. मग इतर मोटारींवरील १० टक्के जकात माफ होते आणि २० टक्क्यांऐवजी ५ टक्केच कर द्यावा लागतो. मोटार देशात उतरल्यापासून चौदा दिवसांच्या आत करखात्यास कळवावे लागते. ‘मूळ स्वरूपात’ हे दोन शब्द आपण ध्यानात ठेवावेत. पुढील सर्व वाद त्यांच्याभोवती फिरला.

पेटारा उघडला तेव्हा मोटार लालभडक होती. परंतु या मोटारीच्या दारावर एक लहानशी पट्टी बसविलेली असते आणि तिच्यावर मोटारीची जन्मपत्रिका सांकेतिक अक्षरांत कोरलेली असते. क्रमांकातील पहिला आकडा ५, म्हणजे १९६५ साल. पुढे आर, म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना. ०७ म्हणजे पक्क्या छपराची बांधणी. टी म्हणजे २०० घन इंचांचे, सहा सिलिंडरांचे इंजिन. रंगाच्या रकान्यात एम हे अक्षर होते, आणि एम म्हणजे विंबल्डन व्हाइट. मोटार मुळात पांढरी होती! दाराच्या आतील बाजूस पत्रा हलक्या हाताने घासला तेव्हा लाल थराखालून पांढरा रंग वर आला. पट्टी खरे बोलत होती.

लाल रंग डोळ्यांत भरतो आणि विकावयाची झाल्यास लाल मोटारीस गिऱ्हाईक लवकर मिळते, असे मित्रांनी सांगून पाहिले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तिचा रंग ठरविणारा मी कोण? तो साठ वर्षांपूर्वीच ठरला आहे.” मला ते उत्तर आवडले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. या मोटारीचा खरा शत्रू गंज, आणि तो दिसत नाही तेथे बसतो. समोरच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी पत्र्याची एक दुहेरी पोकळ पेटी असते. पावसाचे पाणी तीत शिरते; पडलेली पाने कुजून चिखल साठतो; आतील पत्रा सडतो आणि पाणी थेट बसणाऱ्याच्या पायांवर टपकू लागते. पायाखालची जमीनही मग जाते. वरून रंग लावून हे झाकता येते, आणि विकणारे पुष्कळ जण ते झाकतात. बरे करावयाचे तर ठिपक्यांसारखे जोड एकेक करून बर्म्याने सोडवावे लागतात, वरचा पत्रा उचलावा लागतो, सडका भाग कापून नवा सांधावा लागतो, जस्ताचे अस्तर द्यावे लागते आणि पुन्हा सर्व पूर्ववत जोडावे लागते. या मोटारीस वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून जमीन कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू मारावे लागतात, नाहीतर सांगाडा वाकतो आणि पुढे दारे मिटत नाहीत. आपल्याकडे जुन्या वाड्याची तुळई बदलताना आधी धिरे देतात, त्यातलाच हा प्रकार.

काढलेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून तीवर चिठ्ठी लावावयाची, हे काम माझ्याकडे आले. चाळीस वर्षे हजेरीपट लिहिलेला हात त्या कामी आला, याचे मला समाधान आहे.

परदेशात राहून तिसऱ्याच देशाची मोटार दुरुस्त करण्यात काही खास अडचणी असतात. अमेरिकन मोटारीचे नट-बोल्ट इंची मापाचे. इंग्लंडमधील आजचे सर्व काम मिलिमीटरचे. आणि जुन्या ब्रिटिश मोटारींचे आटे त्याहून निराळे. एका मापाच्या बोल्टावर दुसऱ्या मापाचा नट दोन फेरे सुखाने चढतो आणि तिसऱ्यास आटे खाऊन टाकतो. म्हणून पान्यांचा अमेरिकन संच वेगळाच ठेवावा लागतो. सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. पण ते समुद्र ओलांडून येतात, आणि चूक झाल्यास परत धाडण्यात महिने जातात. एका विक्रेत्याने ब्रेकचे ड्रम पाच बोल्टांचे पाठविले. सहा सिलिंडरांच्या मस्टँगची चाके चार बोल्टांवर बसतात, आठ सिलिंडरांची पाचांवर. मागणीत हे स्पष्ट लिहिले होते. ते ड्रम परत जाऊन योग्य ड्रम येईपर्यंत तिसरा महिना उजाडला.

इंधनाचाही प्रश्न होता. सप्टेंबर २०२१ पासून तेथील सामान्य पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबरी नळ्यांस अपाय करते. नळ्या सर्व बदलल्या आणि उंची प्रतीचे, कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरावयाचे ठरले. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते; त्याची धूळ फुफ्फुसास घातक. ती फुंकून उडवावयाची नाही, ओल्या फडक्याने टिपावयाची, हा नियम घरात सक्तीचा होता. नातवंडांस त्या दिवशी गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिले नाही.

आता मुख्य वादाकडे येतो. १९६५ च्या मस्टँगमध्ये चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच मास्टर सिलिंडर, आणि त्यात एकच कप्पा असतो. एखादी नळी फुटली तर तेल वाहून जाते आणि चारही ब्रेक एकाच क्षणी निकामी होतात. १९६७ च्या मस्टँगपासून दोन कप्पे आले; पुढचे गेले तरी मागचे राहतात. शिवाय पट्टे केवळ पुढील आसनांना होते, आणि तेही कमरेपुरते. मागील बाकावर माझी दोन नातवंडे बसावयाची होती.

चिरंजीवांचा आग्रह असा की रंगाच्या बाबतीत जे तत्त्व पाळले तेच येथेही पाळावे. एकदा सवलत घेतली की मूळपणाला अर्थ उरत नाही. सूनबाईंनी शांतपणे विचारले, “मोटार मूळची राहील, मुले राहतील का?” त्यांनी स्पष्टच सांगितले की दुसरा कप्पा आणि मागचे पट्टे बसल्याशिवाय मुले त्या मोटारीत बसणार नाहीत. घरात आठवडाभर थोडा अबोला होता. माझे मत विचारले गेले तेव्हा मी म्हणालो, आपण देवळाचा जीर्णोद्धार करतो तेव्हा दगड, शिखर आणि गाभारा जपतो. पण समईशेजारी विजेचा दिवा लावला म्हणून देऊळ बाटत नाही. ज्या बदलाने वस्तूचे रूप आणि वृत्ती बदलत नाही, जो उद्या काढून घेता येतो आणि ज्याने माणसाचा जीव राखला जातो, तो बदल जीर्णोद्धारात बसतो.

अखेर दुहेरी कप्प्याचे सिलिंडर बसले, मागील बाकाला पट्टे आले. जुने सिलिंडर तेल लावून, कागदात गुंडाळून, तारखेच्या चिठ्ठीसह पेटीत ठेवले आहे. पुढे कोणास मूळ स्वरूप हवे असेल तर ते सिलिंडर आणि केलेल्या बदलाची नोंद दोन्ही हाताशी मिळतील. लपविलेला बदल ही फसवणूक. नोंदविलेला बदल हा इतिहास.

तेथील कायद्याने मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील मोटारींना, त्यांत मोठे फेरफार झालेले नसतील तर, वार्षिक तपासणीतून मोकळीक दिली आहे. चिरंजीवांनी ती सवलत घेतली नाही. सूनबाईंच्या प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले होते. मोटार तयार होताच त्यांनी ती आपण होऊन तपासणीस नेली, आणि उत्तीर्णतेचा कागद आणून प्रथम सूनबाईंच्या हाती दिला. कायदा सवलत देतो. पण उतारावर ब्रेक लागला नाही तर ती सवलत कामी येत नाही.

मोटार चालविण्यातही एक गंमत आहे. तिचे चक्र डावीकडे, आणि इंग्लंडमध्ये वाहतूकही डाव्या बाजूने. त्यामुळे पुढचे वाहन ओलांडताना चालकास समोरचा रस्ता दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने पाहून सांगावे लागते. ते काम सूनबाई करतात. त्यांनी ‘थांबा’ म्हटले की चिरंजीव थांबतात. ज्यांचा अबोला झाला होता, त्यांना आता एकमेकांवाचून ती मोटार हाकता येत नाही.

कॉव्हेंट्री शहराविषयी एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले. तेथील मध्ययुगीन कॅथेड्रल जळून केवळ भिंती आणि मनोरा उरला. लोकांनी ते अवशेष पाडले नाहीत आणि नव्या दगडांनी जुन्याची नक्कलही केली नाही. अवशेष तसेच ठेवून शेजारी नवे मंदिर उभारले. ते १९६२ साली खुले झाले. मी दोन्ही वास्तू पाहिल्या. जुने काय आणि नवे काय, हे तेथे पाहणाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. आमच्या गॅरेजमध्ये जे तत्त्व आठवड्याच्या अबोल्यानंतर सापडले, ते तेथे दगडांत उभे आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, ही श्रीमंतांची हौस आहे असे कोणी म्हणेल. खर्च झाला, हे खरे. पण त्या चार वर्षांत दिवसभर कचेरीत बसणाऱ्या एका गृहस्थाचे हात काळे झाले, त्याची मुले पाना धरावयास शिकली, आणि वाडवडिलांकडून आलेली वस्तू असो वा परक्या देशाची, ती सांभाळताना काय राखावे व काय बदलावे याचा विवेक एका कुटुंबाने एकत्र बसून केला. आपल्या घरांतही जुन्या वास्तू, जुनी भांडी आणि जुन्या चाली आहेत. त्यांच्यापुढे उभे राहताना आधी पट्टीवरील अक्षर वाचावे, मग आतला गंज शोधावा, आणि मागील बाकावर कोण बसणार आहे याचा विसर पडू देऊ नये, एवढीच विनंती आहे.