जुन्या डिझेल जीपचा धूर : पीयूसी तपासणीपूर्वीची निगा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पंधरा वर्षांची जीप आपला भाजीपाला बाजारात नेते आणि अडीअडचणीला दवाखानाही गाठते. मात्र वैध पीयूसी नसल्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा तपासणीपूर्वी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

तपासणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात व धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा असून प्रमाणपत्राची मुदत ६ महिने असते.

प्रथम धुराचा रंग पाहावा.

काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. सुरुवात एअर क्लीनरपासून करावी, कारण हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. खळ्यावरच्या व कच्च्या रस्त्याच्या धुळीने तो लवकर चोंदतो. कागदी फिल्टर चोंदला असल्यास बदलावा. तेलाचा क्लीनर असल्यास जाळी डिझेलने धुवून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. त्यानंतर नोझल तपासून घ्यावेत. फवारणी पंपाचा नोझल झिजला की तुषारांऐवजी मोठे थेंब पडतात, तसेच येथेही होते. मोठे थेंब पूर्ण जळत नाहीत, त्यांची काजळी होते. म्हणजे विकत घेतलेले डिझेलच सायलेन्सरमधून वाया जाते.

निळा धूर : इंजिन ऑईल जळत आहे. पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली असू शकतात. येथे फिल्टर बदलून भागत नाही.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आल्यास काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही राहिला, तर पंपाचे टायमिंग व कॉम्प्रेशन तपासावे. रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटही पाहावे.

काही ठिकाणी तपासणीपुरते पंपाचे डिझेल कमी करून देतात. मग भरलेली जीप चढ चढत नाही आणि स्क्रू पुन्हा पूर्ववत फिरवला जातो. असे करू नये. पंपाची जुळणी डिझेल पंप दुरुस्तीच्या कार्यशाळेतच करावी. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये, त्याने पंप व नोझल झिजतात.

तपासणीच्या दिवशी ऑईलची पातळी पाहावी आणि गाडी १५ ते २० मिनिटे चालवून, इंजिन गरम असतानाच केंद्रावर न्यावी.

गाडी न तपासता मिळवलेला कागद दंड चुकवील, पण धूर तसाच राहील. तो आपल्या मागच्या सीटवरील मुलांच्याच छातीत जातो, हे ध्यानात ठेवावे.