बऱ्या झालेल्या क्षयरोग्याचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



औषधांचा क्रम पूर्ण झाला, थुंकीत जंतू सापडेनासे झाले, की सरकारी नोंदीत क्षयरोगी 'बरा' ठरतो. त्या नोंदीनंतर त्या माणसाचे काय होते, या प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

क्षयाचे जंतू मरतात. परंतु त्यांनी फुप्फुसात पाडलेली पोकळी पुष्कळदा तशीच राहते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आपण सर्वच जण श्वासाबरोबर आत घेत असतो. कुजणारा पालापाचोळा, खताचा ढीग, भिजलेला कडबा ही तिची घरे होत. धडधाकट फुप्फुस हे बीजाणू नष्ट करते. पोकळीत मात्र त्यांना थारा मिळतो. बुरशी तेथे वाढते, कधी तिचा गोळा बनतो, आणि फुप्फुस हळूहळू पोखरले जाते.

ब्रिटनमधील क्षयरोगतज्ज्ञांनी १९६८ साली अशी मोठी पोकळी राहिलेल्या ५४४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २५ टक्के रोग्यांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. पुढील फेरतपासणीत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर गेले. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीच ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक होती.

मग तिचा लाभ रोग्याला का होत नाही? लक्षणे पाहा. न थांबणारा खोकला, थुंकीतून रक्त, घटत जाणारे वजन, थकवा. सारी क्षयासारखीच. म्हणून थुंकीत क्षयजंतू नसतानाही 'क्षय उलटला' असे मानून पुन्हा तीच औषधे दिली जातात. ती बुरशीला मारीत नाहीत. शिवाय बुरशीवरील इट्राकोनॅझोल जोडीला दिले, तरी क्षयावरील रिफॅम्पिसिन त्याचे रक्तातील प्रमाण अतिशय खाली आणते. तेव्हा संशयापोटी दोन्ही एकत्र देऊन भागत नाही. निदानच करावे लागते. त्यासाठी छातीचे क्ष-किरण चित्र किंवा सीटी स्कॅन आणि प्रतिद्रव्यांची रक्ततपासणी हवी. त्यानंतर औषध निदान सहा महिने घ्यावे लागते.

२०२१ साली 'काळ्या बुरशी'ने हाहाकार उडविला, तेव्हा औषधांच्या तुटवड्याविरुद्ध देशभर ओरड झाली. ही बुरशी सावकाश मारते; म्हणून तिच्याविषयी ओरड होत नाही.

येथे प्रश्न वैद्यकाच्या हद्दीबाहेर येतो. क्षय अधिक होतो तो कोंदट खोलीत राहणाऱ्यास, अर्धपोटी राबणाऱ्यास, दगडखाणीत सिलिकाची धूळ छातीत भरून घेणाऱ्यास. क्षयाचे उपचार चालू असेपर्यंत सरकार पोषणासाठी दरमहा अनुदान देते. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० वरून १,००० रुपये झाले. उपचार संपले, की तेही संपते. 'बरा' झालेला मजूर रक्त थुंकू लागला, तरी क्षयाचे उपचार चालू नाहीत म्हणून तो या अनुदानाला पात्र नाही, आणि दम नाही म्हणून कामालाही नाही.

क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सूचनांनुसार उपचारानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी रोग्याची तपासणी झाली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली इट्राकोनॅझोलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आपल्या मागणीस हे दोन आधार पुरेसे आहेत. ही तपासणी नियमाप्रमाणे व्हावी, आणि प्रतिद्रव्यांची चाचणी व औषध प्रत्येक जिल्हा रुग्णालयात विनामूल्य मिळावे.

तोवर आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपापल्या वस्तीतील बऱ्या झालेल्या रोग्यांच्या घरी जा. खोकला पुन्हा सुरू झाला असेल, तर त्यांना रुग्णालयात घेऊन चला. थुंकीत जंतू नसताना क्षयाची औषधे पुन्हा दिली जात असतील, तर बुरशीची तपासणी झाली काय, हे डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा. चालू औषधे बंद करण्याचा सल्ला मात्र कोणीही परस्पर देऊ नये. नोंदवहीतील 'बरा' हा शब्द त्या माणसाच्या छातीतही खरा ठरेपर्यंत आपले काम संपलेले नाही.