नोंदींची किल्ली आणि सूचि

शाळेच्या जनरल रजिस्टरांत एकाच नांवाचीं, एकाच आडनांवाचीं, फार काय एकाच जन्मतारखेचीं दोन मुलें आढळणें अशक्य नाहीं. एकाचा दाखला दुसऱ्याच्या हातीं पडला तर त्याचें वय, शिक्षण आणि पुढें नोकरीही घोटाळ्यांत सांपडते. म्हणून नांव घालतांच मुलास एक क्रमांक मिळतो व तो पुन्हां दुसऱ्या कोणास दिला जात नाहीं. संगणकांतील प्रत्येक कोष्टकासही असाच आधार लागतो. त्यास ‘प्रायमरी की’, म्हणजे मुख्य किल्ली, म्हणतात.

इ. स. १९७० मध्यें आय्. बी. एम्. कंपनींतील इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनीं एका निबंधांत ही व्यवस्था मांडली. तत्पूर्वीं, नोंद यंत्रांत कोणत्या वाटेनें गांठावयाची हें आज्ञावली लिहिणारास ठाऊक असावें लागे. कॉड यांच्या व्यवस्थेंत गुणांच्या कोष्टकांत मुलाचा केवळ क्रमांक लिहावयाचा. नांवगांव मूळ कोष्टकांतच राहतें. मोबाइलचा नंबर किल्ली म्हणून घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण तो बदलतो, आणि कित्येक घरांत एकच नंबर चौघांचा असतो! किल्ली जितकी अर्थशून्य तितकी बरी.

किल्लीनें ओळख पटते. शोध त्वरित लागतो तो सूचीमुळें. दहा लक्ष नोंदी अस्ताव्यस्त असल्या तर प्रसंगीं साऱ्याच चाळाव्या लागतील. त्याच क्रमानें लाविल्या, तर दर वेळीं अर्धा भाग टाकीत गेल्यास सुमारें २० तुलनांत काम होतें. परंतु तबकडीवरून एकेक पान आणणें यंत्रासही महाग पडतें. त्यावर बोईंग कंपनींतील बायर व मॅक्रेट यांनीं ‘बी-ट्री’ नांवाचा वृक्ष योजिला. त्यांचा निबंध १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या वृक्षाच्या एका पानास ५०० फांद्या फुटतात असें धरलें, तर तीन पायऱ्यांत साडेबारा कोटि नोंदींपर्यंत पोंचतां येतें. नवा क्रमांक पूर्वीं दिलेला नाहीं ना, हेंही असेंच पाहावें लागतें. म्हणून बहुतेक व्यवस्था मुख्य किल्लीची सूचि आपण होऊनच तयार करितात.

मग प्रत्येक रकान्याची सूचि कां करूं नये? कारण नवी नोंद आली कीं प्रत्येक सूचींत तिला जागा करून द्यावी लागते. शोध सुलभ होतो, पण लेखन मंदावतें. शिवाय रचनेचा क्रमही पाहावा लागतो. आडनांव आणि मग नांव, अशा क्रमाची सूचि नुसतें नांव ठाऊक असणाराच्या फारशी उपयोगीं पडत नाहीं. जुन्या टेलिफोन डिरेक्टरींत केवळ ‘सुलोचना’ एवढ्यावरून कोणी सांपडत नसे, तें ह्याच कारणानें.