पेटीच्या आत काय आहे?

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आज घरोघरी स्पीकर व अँप्लिफायर आले आहेत. त्यावर गाणी वाजतात, बातम्या ऐकतात, मुले अभ्यासाचे धडेही ऐकतात. ही विज्ञानाची देणगीच होय. परंतु वर्ष-दोन वर्षांत स्वस्तातला अँप्लिफायर घूं घूं करू लागतो आणि एके दिवशी मुका होतो. ‘नशीब खोटे’ म्हणून आपण दुसरा आणतो. खरे पाहता खोट असते ती आतल्या मालात.

एकच सुटा भाग घेऊ. दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. वीज साठवून प्रवाहातील चढउतार सपाट करणे हे त्याचे काम. त्याच्या पोटात ओले रसायन असते. ते उष्णतेने सुकत जाते. ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य दुप्पट होते. आता विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. एका कंडेन्सरवर ८५ अंशांना १००० तास, दुसऱ्यावर १०५ अंशांना २००० तास अशी हमी आहे. आपल्या उन्हाळ्यात बंद पेटीत ६५ अंश झाले, तर पहिला ४००० तास टिकेल, दुसरा ३२००० तास. रोज ६ तास वापर धरल्यास पहिला दोन वर्षेही पुरत नाही. दुसरा चौदा वर्षांवर जातो. दोहोंच्या किमतीतला फरक मात्र अगदी थोडा!

दुसरी काटकसर व्होल्टची. १२ व्होल्ट ए.सी.चा शिखर-दाब सुमारे १७ व्होल्ट असतो, आणि लाइनचा दाब वाढला की तोही वाढतो. तेथे २५ व्होल्टचा कंडेन्सर हवा. पण १६ व्होल्टचा बसवून काही पैसे वाचविले जातात. मग त्याचे डोके फुगते. ट्रान्झिस्टरची उष्णता काढून घेणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्राही असाच पातळ केला जातो.

तिसरी गोष्ट उघड मापात पाप. पेटीवर ‘१००० वॅट पी.एम.पी.ओ.’ छापलेले असते. अडॅप्टरवर पाहा: ५ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार होतो १० वॅट. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

सास्तूरकरांना हे अधिक सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या भागातील दगडी घरे कोसळली. भिंती बाहेरून रुंद व भक्कम दिसत होत्या. आत दगड सांधणारी केवळ माती होती, भिंतीचे दोन थर बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते, आणि वर माळवदाचा भार होता. स्पीकरची तुलना त्या दुःखाशी करता येणार नाही. पण धडा तोच आहे: न दिसणाऱ्या ठिकाणी केलेली काटकसर संकटाच्या वेळी उघडी पडते. विजेच्या वस्तूत तर ती हातालाही झटका देते.

पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. पक्की पावती व लेखी हमी घ्यावी. अडॅप्टरवर ‘आय.एस.’ क्रमांक व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. फसगत झाल्यास गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावरही टाकली आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, बंद पडलेली पेटी भंगारात टाकण्यापूर्वी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, वीज काढून, उघडून पाहा. फुगलेला कंडेन्सर ओळखा. तुमच्यापैकी कोणी उद्या आय.टी.आय.मध्ये जाईल, कोणी कारखान्यात सुटे भाग निवडावयास बसेल. तेव्हा ज्याच्या घामाच्या पैशातून ती वस्तू विकत घेतली जाणार आहे, त्या गरीब गिऱ्हाइकाचे स्मरण ठेवा. झाकणाआड कोणी पाहत नसताना केलेले चोख काम, हीच खऱ्या शिक्षणाची कसोटी होय.