कवडसा आणि चांदी



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला एकदा विचारले होते की, कवडशात दिसते ते काय? आम्ही अर्थातच ‘ऊन’ असे उत्तर दिले. सर म्हणाले, “ऊन नव्हे, धूळ.” किरण बाजूने जाताना आपल्याला दिसत नसतो, तो वाटेतल्या कणांवर आदळून डोळ्यांकडे वळतो तेवढाच दिसतो. झरोक्यातल्या किरणात तरंगणाऱ्या त्या कणाला मनुस्मृतीत त्रसरेणू म्हटले असून वजनमापांची गणना तेथूनच सुरू केली आहे. छायाचित्रकाराने प्रथम ध्यानी घ्यावयाची गोष्ट तीच : सोनेरी किरण टिपायचा तर धूळ हवी, आणि तिच्यामागे अंधार हवा.

सोनेरीपणाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. सूर्य क्षितिजाजवळ असता प्रकाशाला हवेच्या फार जाड थरातून यावे लागते, निळा अंश वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबडा तेवढा पोहोचतो. मात्र हा रंग फिल्मला नेहमीच दिसत होता असे नाही. राजा दीनदयाळ १८६६ मध्ये आपल्या इंदूरच्याच बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. त्या काळच्या काचपट्टीला निळा प्रकाश दिसे. पिवळा फार थोडा, तांबडा जवळजवळ नाहीच. आपल्याला जी वेळ सर्वांत रम्य वाटते, ती त्या पट्टीच्या लेखी काळोखाची! रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून पट्टीची दृष्टी पिवळ्या-हिरव्यापर्यंत वाढविता येते, हे फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखविले. सर्व रंग जाणणारी फिल्म सर्रास वापरात यायला विसावे शतक उजाडावे लागले. गंमत अशी की, अल्ब्युमेन कागदावरच्या त्या छापांना सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवीत असत. किरणातले सोने पट्टीला दिसत नव्हते, पण छापात खरे सोने होते.

आता आपल्या शाळेविषयी. १९९४ मध्ये जुन्या सभागृहाची कौले उतरवून स्लॅब घालण्याचे ठरले आणि त्यापूर्वी छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले. माघातल्या सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्वेच्या झरोक्यातून तिरीप येई. त्याच भिंतीवर, झरोक्याखालच्या अंधारात, पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. विश्वस्तांचा आग्रह एवढाच, की नावे वाचता आली पाहिजेत. मला तिरीप हवी होती. मीटर लावला तेव्हा तिरीप आणि फलक यांत चार स्टॉपचा, म्हणजे सोळा पटींचा फरक निघाला. मीटर बिचारा समोर येईल ते मध्यम करडे मानून आकडा सांगतो. त्याला ना नावांशी देणेघेणे, ना तिरिपीशी. ते माणसानेच ठरवावे लागते.

शिपाईमामांनी पुढच्या बाकांवर डस्टर झाडले. खडूची धूळ उडाली आणि तिरीप उभी राहिली. मी उजेडाकडे तोंड करून उभा राहिलो, कारण धूलिकण प्रकाश मागे परतवण्यापेक्षा पुढेच अधिक फेकतात. झरोका मात्र लाकडी खांबाआड ठेवला, नाहीतर भिंगात उजेड पसरून सारे फिकट झाले असते. घाई होती. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे सहा मीटरांवर पडलेला कवडसा तेवढ्यात सुमारे दहा सेंटिमीटर हलतो. आणि धूळ त्याच्याही आधी खाली बसते. मामांनी पाच वेळा डस्टर झाडले. त्यांचा खोकला आजही माझ्या कानांत आहे.

कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्यांचा जुना नियम असा : एक्स्पोजर सावलीसाठी द्यावे, डेव्हलपिंग उजेडासाठी करावे. मी फलकाचा तपशील येईल इतका प्रकाश दिला आणि घरी डेव्हलपरमध्ये फिल्म नेहमीपेक्षा कमी वेळ ठेवली. सावलीचा भाग लवकर तयार होतो, उजेडाचा भाग पुढेही वाढतच राहतो. म्हणून वेळ कापली की तिरीप जळत नाही आणि नावे राहतात. रंगीत फिल्मला ही मोकळीक नव्हती. लॅबमध्ये सर्वांचे रोल एकाच ठरलेल्या वेळेने धुतले जात. रंगीत रोलही मी काढला, विश्वस्तांना तोच हवा होता. त्यात तिरीप खरोखर सोन्यासारखी आली, पण नावांच्या जागी तपकिरी काळोख. दोन्ही छाप कार्यालयात लागले. लोक रंगीत छापापुढेच थांबत, आणि त्यांत काही गैर होते असे मी म्हणणार नाही.

आज तो रंगीत छाप पाहा. उजेडाने रंगद्रव्ये उडाली आहेत, सोन्याचा मागमूस नाही. कृष्णधवल निगेटिव्हमधली प्रतिमा धातुरूप चांदीची असते. ती नीट धुतली आणि कोरडी ठेवली तर फार टिकते. दीनदयाळांच्या काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही आहेत, त्या याच चांदीच्या बळावर. माझ्या निगेटिव्हवरून गेल्या महिन्यात पुन्हा छाप काढला. फलकावरची एकोणतीस नावे भिंगाखाली वाचता आली. मूळ फलक नव्या बांधकामाच्या वेळी कोठे गेला, ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शाळेच्या जुन्या निगेटिव्ह असतील, प्लॅस्टिकच्या पिशवीत एकमेकींना चिकटलेल्या, माळव्याच्या पावसात बुरशी धरलेल्या. त्या ओढून सोडवू नका, पुसू नका, टाकून तर मुळीच देऊ नका. आहेत तशा कागदी पाकिटात घालून शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. शनिवारी दुपारी मी तेथे बसणार आहे.