फौजी माणसानं मनाच्या डॉक्टरकडं गेलं तर काय बिघडतं?

तुमच्या घरात, भावकीत नाहीतर शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी फौजेत असेलच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं तर विचारायलाच नको. आज त्यांच्या मनाबद्दल बोलूया. आणि आत्ता ऐकणारा स्वतःच फौजी असेल, तर दादा, आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावानं 46 जवान गमावले. त्यांचं स्मारक तिथं आहे. पण जे जिवंत परतले आणि रात्री-अपरात्री दचकून उठत राहिले, त्यांची नोंद कुणी ठेवली? त्याच युद्धात, 1915 साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी अशा जवानांबद्दल लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय जगात आला. म्हणजे हा आजार काही आजच्या पोरांचं नवं फॅड नाही.

माझे एक मामा फौजेत होते. सुट्टीवर आले की चार माणसांत बसायचे नाहीत. दिवाळीत फटाका वाजला की घामाघूम व्हायचे, एवढ्या-तेवढ्यावरनं चिडायचे. सगळे म्हणायचे, ‘फौजी माणूस आहे, कडक असणारच.’ शेवटी मामी बरोबर गेल्या आणि डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या आणि समुपदेशन, दोन्ही सुरू झालं. लगेच गुण आला नाही, काही आठवडे लागले. पण झोप परत आली, हळूहळू बोलणंही परत आलं.

मग एवढा साधा उपाय असताना जवान जात का नाही? खरं कारण सगळ्यांना माहीत आहे: मेडिकल कॅटेगरी. सैन्यात तब्येतीची कॅटेगरी ‘शेप’ या पद्धतीनं ठरते. त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या तब्येतीचं आहे. कान, हातपाय, डोळे सगळं नंतर! जवानाला वाटतं, ‘कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडकलं, पोरं हसणार.’

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काही काळ हत्याराची ड्युटी मिळणार नाही, एखादा कोर्स हुकेल. पण बघा, तात्पुरती कॅटेगरी कायमची नसते. ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते आणि बरं वाटत असेल तर ती वर जाऊ शकते. पाय मोडला तर प्लॅस्टर घालून परत येतोच की आपण! उलट त्रास लपवला तर दारू वाढते, घरात भांडणं होतात, ड्युटीवर चूक होते. मग नोकरीचं सोडा, जिवावर बेततं.

आता मदत कुठं मिळते ते ऐका. युनिटमध्ये एमआय रूम आहे, तिथले डॉक्टर मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवू शकतात. रिटायर झालेल्यांसाठी ईसीएचएसची सोय आहे. आणि पहिलं पाऊल फोनवरनं टाकायचं असेल तर टेली-मानस, नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 1 डिसेंबर 2023 ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये टेली-मानसचा खास कक्षही सुरू झाला. या फोनला कुणाची परवानगी लागत नाही.

आता उरलो आपण, घरचे. भाऊ सुट्टीवर आलाय, झोपत नाही, एकटाच बसतोय, पिणं वाढलंय. त्याला ‘वेडा झालास का’ म्हणू नका, आणि ‘तू तर वाघ आहेस’ असंही म्हणू नका. कारण वाघ म्हटलं की तो बोलायचाच बंद होतो. एवढंच म्हणा, ‘दादा, झोप लागत नाही ना? चल, मी येतो बरोबर.’ मात्र तो मरणाची भाषा करत असेल, ‘माझ्यामागं पोरांना सांभाळा’ म्हणत असेल, तर सुट्टी संपायची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी 14416 लावा नाहीतर थेट दवाखाना गाठा. आणि गोळ्या सुरू झाल्या की बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

सैन्यात एक गोष्ट पक्की शिकवतात: जखमी साथीदाराला मागं सोडायचं नाही. जखम दिसत नसली तरी नियम तोच. दादा, हा नियम स्वतःलाही लावा.

हा एपिसोड ज्याला गरज आहे त्याला पाठवा. ग्रुपवर नको, एकट्याला पाठवा. आणि पाठवल्यावर एक फोनही करा. भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!